दगडांच्या आधीची माती

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात सॉल्सबरीचा विस्तीर्ण गवताळ माळ आहे. या माळावरचे स्टोनहेंज चित्रांतून जगभर पोहोचले आहे. चित्रात प्रचंड उभे दगड दिसतात आणि त्यांच्या माथ्यावर आडवे ठेवलेले दगड दिसतात. त्यांना वेढणारा मातीचा बांध आणि खंदक मात्र चित्रात सहसा येत नाही. वास्तविक स्टोनहेंजची सुरुवात त्या मातीपासूनच झाली.

उन्हाळी सुट्टीत आम्ही सहकुटुंब लंडनला भाच्याकडे गेलो होतो. तिथून रेल्वेने सॉल्सबरी गाठले आणि पुढे बस घेतली. स्वागत केंद्र दगडांपासून सुमारे दोन किलोमीटर अलीकडे ठेवले आहे. एरवी दगडांना हात लावता येत नाही, दोरीबाहेरच्या वाटेने फेरी मारायची. मुले थोडी हिरमुसली, पण दगड दूर राहिल्यामुळे आमची नजर पायाजवळच्या जमिनीकडे गेली. गवताखाली एक उथळ, खोलगट पट्टा गोल वळत गेला होता आणि त्याच्या आतल्या बाजूने बुटका उंचवटा होता. "अम्मी, हा तर शेताचा बांध!" धाकटी म्हणाली. तिचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते.

हे वर्तुळ सुमारे ११० मीटर व्यासाचे आहे. इथल्या मातीखाली खडूचा मऊ पांढरा दगड आहे. खंदकातून निघालेला हा दगड आतल्या बाजूला रचून बांध केला गेला. नवा असताना तो हिरव्या माळावर पांढराशुभ्र दिसत असणार. आज खंदक बराचसा बुजला आहे आणि बांध ढासळला आहे.

हे कधी बांधले गेले? बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने दगड इथे आणण्याचे श्रेय मर्लिन या जादूगाराला दिले. सतराव्या शतकात वास्तुकार इनिगो जोन्स याला रोमन लोकांचे काम समजला. पुढे ते ड्रुइड पुरोहितांचे मंदिर असल्याचे सांगितले जाऊ लागले. हे सगळे अंदाज दगडांकडे पाहून केलेले होते. पण दगड स्वतःचे वय सांगतो, माणसाने तो कधी उभा केला हे सांगत नाही. ते कळायला त्याच्या बुडाशी सापडणाऱ्या वस्तू पाहाव्या लागतात.

खंदकाच्या तळाशी तांबड्या हरणांची शिंगे सापडली. हीच त्या लोकांची कुदळ होती. काम संपल्यावर ती तिथेच टाकून दिली गेली, म्हणून शिंगाचे वय कळले की खणण्याचा काळ कळतो. सजीव मेला की त्याच्यातील कार्बन-१४ ठरावीक गतीने घटत जातो आणि सुमारे ५७३० वर्षांत निम्मा उरतो. विलर्ड लिबी यांच्या या पद्धतीने १९५२ साली इथल्या एका खड्ड्यातील कोळशाचे वय काढले गेले. उत्तर आले इ.स.पूर्व १८४८, पण २७५ वर्षे मागेपुढे होण्याची मुभा ठेवून. नंतर झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून पाहिल्यावर कळले की अशा तारखा आणखी मागे न्याव्या लागतात. शिंगांच्या नव्या मोजणीवरून खंदक इ.स.पूर्व ३००० ते २९०० च्या दरम्यानचा ठरतो. मधले मोठे दगड इ.स.पूर्व २५०० च्या सुमारास उभे राहिले. म्हणजे माती दगडांहून जवळजवळ पाचशे वर्षांनी वडील आहे!

त्याच खंदकाच्या तळाशी गुरांचे जबडे आणि कवटीही होती. त्यांचे वय काढले, तर ती खंदकापेक्षाही कित्येक पिढ्या जुनी निघाली. आजोबांची वस्तू जपून ठेवावी, तशी कुणीतरी ती जपली होती आणि खंदक झाल्यावर मुद्दाम प्रवेशाजवळ ठेवली होती. फक्त हाडांवर विसंबले असते तर तारीख चुकली असती. वस्तूचे वय आणि ती तिथे ठेवल्याचे वय नेहमी एकच नसते.

ही गवाही मातीत एकदाच मिळते. कर्नल विल्यम हॉली यांनी १९१९ ते १९२६ या काळात इथे खोदकाम केले आणि जवळजवळ अर्धा खंदक उकरला. बांधाच्या आत ५६ खड्ड्यांचे एक वर्तुळ आहे. त्यातील अनेक खड्ड्यांत आणि खंदकातही त्यांना माणसांची जळालेली हाडे मिळाली, पण त्यांचे मोल तेव्हा कुणाला वाटले नाही. १९३५ साली ती बहुतेक सगळी एकाच खड्ड्यात परत पुरली गेली. २००८ मध्ये ती पुन्हा बाहेर काढली गेली. त्यांत पुरुष, स्त्रिया आणि मुलेही होती, हे अभ्यासातून कळले. मात्र कोणते हाड कोणत्या जागेचे, हे मिसळून गेले होते. आता उरलेल्या खंदकाला शक्यतो हात लावत नाहीत. उद्याच्या अभ्यासकांकडे अधिक चांगली साधने असतील, तेव्हा त्यांच्यासाठी काही शिल्लक राहावे, हा त्यामागचा विचार.

परतीच्या गाडीत आम्हाला आपल्याकडची पांढरी आठवत होती. महाराष्ट्रात अनेक गावांशेजारी जुन्या वस्तीचे टेकाड असते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर या अभ्यासकांनी अशाच टेकाडांतून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे आणि दफने उजेडात आणली. थर जागेवर होते, म्हणूनच ते जमले. इतर कित्येक ठिकाणी तीच पांढरी माती शेतात टाकायला ट्रॅक्टरने उचलली जाते. तिच्यासोबत राख, हाडे, खापरे असे सगळे थर जातात आणि मग त्या गावाचे वय कधीच काढता येत नाही.

वाचकहो, आपल्या गावची पांढरी किंवा गढी मुलांना एकदा दाखवून आणा. खापर दिसले तर तिथेच राहू द्या, फोटो घ्या आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवा. कुणी "हे पाच हजार वर्षांपूर्वीचे" असे सांगितले, तर मुलांना अदबीने एवढेच विचारायला शिकवा: "कशावरून?"