वेब्लीच्या शोधात रोहणा

‘शनिवारी रोहण्याला येतेस का? वेब्ली शोधायचीय.’ मित्राचा मेसेज वाचून मला वाटलं, वेब्ली ही कुत्र्याची एखादी जात असावी!

हा आमचा मित्र आठवडाभर पुण्यात कोड लिहितो आणि उरलेला वेळ जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरच्या मागे असतो. म्हणजे खरी हत्यारं नाहीत हं त्याच्याकडे. आहेत ती चामडी होल्स्टर, रिव्हॉल्व्हर हातातून पडू नये म्हणून बांधायची दोरी, जुनी मॅन्युअल्स. खऱ्या बंदुकांची हौस आपल्याकडे सोपी नाही. १९५९च्या कायद्याने परवाना हवा, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. २०२०च्या नियमांनी ‘क्युरिओ’ गटातली जुनी शस्त्रं बाळगायला परवान्यातून सूट दिली खरी, पण ती वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच.

मग रोहणा कशाला? तर पठ्ठ्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात जमादार होते आणि येताना आपली वेब्ली घेऊन आले, अशी घरातली गोष्ट. ती वाड्यात कुठेतरी आहे म्हणे.

“आणि सापडली तर? पोलिसांत देणार?” मी विचारलं. साहेब गप्प.

रेल्वेने पुलगावला उतरलो. लष्कराच्या अवाढव्य दारूगोळा डेपोचं हे गाव. २०१६च्या मे महिन्यात तिथे लागलेली भीषण आग आठवत असेल. पूर्वी इथून आर्वीपर्यंत नॅरोगेजची चिमुकली गाडी धावायची आणि रोहण्याला तिचं स्टेशन होतं. आता गाडी बंद, त्यामुळे रस्ता झिंदाबाद. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्येच तुरीचे पट्टे.

वाटेत माझा क्लास सुरू झाला. वेब्ली बर्मिंगहॅमची. १९१५ साली ब्रिटिश सैन्याने घेतलेलं तिचं मार्क सहा मॉडेल .४५५ बोअरचं, वजन किलोभराहून जास्त. खटका दाबून नळी खाली वाकवली की सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर! पुढे .३८ची हलकी मॉडेल्स आली. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हरही याच घराण्यातलं. गंमत म्हणजे हे सगळं मी ऐकत होते वर्धा जिल्ह्यात, जिथे गांधीजी १९३६पासून सेवाग्रामला राहिले.

वाड्यात पंच्याऐंशीच्या आजींनी आधी भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. मग मित्राने हळूच विषय काढला. आजी हसतच सुटल्या.

“अरे बापा, बंदूक तं सरकारनं तवाच वापस घेतली! इथं राह्यला तो निसता चामड्याचा खोका.”

खोका समोरच होता. ओसरीतल्या खुंटीवर, काळपट पडलेला, झाकण लावलेलं. मित्राने तो अलगद हातात घेतला. .३८चं होल्स्टर, रिकामं.

“मामंजी गेले तवा घरात आम्ही सासवासुनाच,” आजी सांगू लागल्या. “हे लेकरू पोटाशी. रात्री भेव वाटे. सासूबाईनं हे खुंटीवर टांगलं. गावाले वाटे, आत बंदूक हाय. कोणाची हिंमत नाई झाली वाड्यात शिरायची.”

म्हणजे बंदुकीची ती गोष्ट दोन बायकांनी मुद्दाम सांभाळली होती, आणि तिच्यावर पहिल्यांदा विश्वास ठेवला तो घरच्याच मुलांनी.

“तुले पायजे तं ने,” आजी म्हणाल्या. “तुयंच हाय.”

मला माहीत होतं, असा तुकडा त्याच्या कलेक्शनमध्ये एकही नाही. त्याने होल्स्टरवरून हात फिरवला, रुमालाने धूळ पुसली आणि परत खुंटीवर अडकवलं.

“का रे?” परतताना मी विचारलं.

“पुण्यात ते शोकेसमध्ये बसेल. आजी अजून एकट्याच असतात ना इथे.”

पुलगावपर्यंत मग आम्ही फारसं बोललो नाही. पण दिवाळीला तो पुन्हा रोहण्याला जाणार आहे, आणि या वेळी वेब्लीसाठी नाही.

कसं जाल? : मुंबई-नागपूर मार्गावर पुलगाव स्टेशनला उतरा. तिथून आर्वी रस्त्याने रोहणा. परतताना सेवाग्राम आश्रम चुकवू नका.