आईहून धाकटा दगड

आमची आई सातारच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवीत होती. दर वर्षी ती फळ्यावर रंगीत खडूंनी ज्वालामुखीचा उभा छेद काढी. मुख, नळी, शिलारस, राखेचे थर, सारे जिथल्या तिथे. एकदा लाल खडू संपला, तेव्हा तिने चक्क कुंकू वापरले, असे तिच्या विद्यार्थिनी अजून सांगतात. पण खरा ज्वालामुखी तिने कधी पाहिला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. "आहे ती नजर सांभाळू, गेलेली परत येत नाही," असे डॉक्टरांनी सांगितले. घरी आल्यावर चहाचे आधण ठेवता ठेवता आई म्हणाली, "मग एक ज्वालामुखी बघून घ्यायला हवा."

माझा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मायलेकी त्याच्याकडे गेलो आणि तिथून त्याने आम्हांला हवाई बेटांवर धाडले. माझ्याकडे आणखी एक कामगिरी होती. सातारचे घर विकायचे आणि आईने पुण्यात माझ्याकडे राहायचे, असे आम्ही भावंडांनी फोनवर परस्पर ठरविले होते. अधू नजरेने ती एकटी त्या दगडी पायऱ्यांच्या घरात किती दिवस काढणार? तिला हे सांगायचे मी पत्करले होते. सहलीत माणसाचे मन मोकळे असते, असा माझा हिशेब.

हिलो हे गाव पावसाचे. वर्षाकाठी सुमारे सव्वाशे इंच पाऊस तिथे पडतो. गावातून तीस मैल चढत गेले, की चार हजार फुटांवर किलाउएया ज्वालामुखीचा माथा लागतो. ज्वालामुखी म्हणजे बोडका, रखरखीत डोंगर, अशी माझी कल्पना. इथे तर धुके, ओल आणि जिकडे तिकडे हिरवे रान! "आंबोलीला आल्यासारखं वाटतंय गं," आई म्हणाली.

किलाउएया इकी, म्हणजे धाकटा किलाउएया, हे शेजारचे विवर. त्याच्या तळाशी उतरून पलीकडे चढायचे, अशी सव्वातीन मैलांची वाट आहे. वाटेच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश ठेवलेला होता. तिथल्या ओहिआ वृक्षांना बुरशीचा एक रोग लागला आहे. बुटांच्या चिखलातून तो पसरू नये म्हणून ही व्यवस्था. ओहिआ हा ज्वालामुखीची देवता पेले हिच्या कथांतला वृक्ष. आईने दोन्ही बूट मन लावून घासले. "देवळात शिरताना पाय धुतोच की आपण," ती म्हणाली.

चारशे फूट उतार. दोन्ही बाजूंना हापुऊ नावाचे नेचे. आपल्याकडे नेचे म्हणजे विहिरीच्या काठचे झुडूप. इथे त्यांना झाडासारखी खोडे, आणि माथ्यावर छत्री उघडावी तशी पाने. आईचा हात माझ्या खांद्यावर. "पायरी आली. मूळ आहे. खाली बघ," असे मी सारखे बजावीत होते. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते. पायाखालचे नेमके दिसत नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू जरा गप्प बस. मी मोजतेय, ते चुकतं."

रान एकाएकी संपले. समोर मैलभर काळे पठार, जणू शेताएवढा तवा भाजून भाजून तडकला आहे. १९५९च्या नोव्हेंबरात इथे भूमी उकलली. पाच आठवडे लाव्हा उसळत होता. एकदा तर त्याचे कारंजे १९०० फूट उंच गेले. एकावर एक आठ कुतुबमिनार रचावेत, तेवढे! विवरात आगीचे तळे साचले. वरची साय लवकर धरली, तरी तळापर्यंत थिजायला तीसहून अधिक वर्षे लागली. अजूनही पावसाचे पाणी भेगांतून खाली झिरपते आणि वाफ होऊन वर येते.

आई खाली बसली. तिने दगडावर हात ठेवला.

"एकोणसाठ साली मी दुसरीत होते," ती म्हणाली. "म्हणजे हा माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. जन्मभर मुलांना सांगितलं, दगड फार फार म्हातारा असतो!"

आणि मग तिच्यातली शिक्षिका जागी झाली. आपला सह्याद्रीही असाच लाव्ह्याचा, थरावर थर साचून झालेला. पण तो सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा. "आपल्या घराच्या पायऱ्या याच जातीच्या. हे त्यांचं शेंडेफळ." बाजूच्या भेगेत वीतभर ओहिआचे रोप होते आणि त्याला लाल तुऱ्याचे फूल आले होते. आईने डोळे अगदी जवळ नेऊन ते पुष्कळ वेळ पाहिले.

इतक्यात पाऊस आला. धुके असे दाटले, की वाट दाखविणाऱ्या दगडांच्या राशीही दिसेनात. माझा चष्मा पाण्याने भरला. आपण कुठून आलो आणि कुठे जायचे, काही कळेना. मी घाबरले, आणि ते लपविताही येईना.

"छत्री दे इकडे," आई म्हणाली. मिटलेल्या छत्रीने ती डावी-उजवीकडे टोचून पाहू लागली. "ऐक. इथं काचेसारखं चुरचुरतं, म्हणजे इथं कोणी चालत नाही. इथं आवाज नाही. माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालंय. ही वाट."

आता माझा हात तिच्या खांद्यावर होता. अर्धा तास आम्ही तशाच चाललो. पुढे रानाची काळी रेघ दिसली, तेव्हा ती थांबली.

"घराचं काय ठरवलंत तुम्ही दोघांनी?"

मी गप्प. ही कामगिरी तिला कधी कळली, देव जाणे.

"अगं, सातारच्या घरात मला चौदा पायऱ्या आहेत. तिसरी उंच आहे, अकरावी तिरपी. तुझ्या घरात मला लिफ्टचं बटणसुद्धा शोधावं लागेल. तिथं मी आजच आंधळी होईन. सातारला अजून थोडी वर्षं होणार नाही. वेळ आली की मीच फोन करीन."

पाऊस होता, हे बरे झाले. माझे डोळे तिला दिसले नाहीत.

त्या रात्री मी भावाला फोन केला. तो प्रथम चिडला, मग म्हणाला, "निदान कठडा तरी बसवून घे." तो बसविला आहे. आई त्याच्यावर टॉवेल वाळत घालते.

दगड तिने आणला नाही. तिथून दगड उचलायला मनाई आहे. पण गेल्या दिवाळीत अंगणात आळीतली मुले किल्ला करीत होती, तेव्हा ती चौदा पायऱ्या उतरून खाली आली आणि म्हणाली, "मावळे मागाहून ठेवा रे. आधी डोंगर कसा झाला, ते ऐका."