दोन घरांतली एकच वाइन

लोणचं मुरलेलं हवं, तांदूळ जुना हवा. आपल्याकडे जुनं म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. शार्ङ्गधरसंहितेतही आसवं जुनी झाली की अधिक गुणकारी होतात असं सांगितलं आहे. तेव्हा रसमड्याच्या एका गृहस्थांनी नाशिकची लाल वाइन दहा वर्षं कपाटात जपून ठेवली, यात नवल ते काय!

रसमडा हे दुर्ग-राजनांदगाव रेल्वेमार्गावरचं छोटंसं स्टेशन. आसपास कारखाने. हे गृहस्थ त्यातल्याच एकात नोकरीला होते आणि त्यांचे जिवलग मित्र भिलाईच्या पोलाद कारखान्यात. २०१५ साली सिंहस्थासाठी दोन्ही कुटुंबं नाशिकला गेली. स्नान झालं, त्र्यंबकेश्वर झालं, आणि परतायच्या आदल्या दिवशी गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यांतून फिरताना दोघांनी दोन बाटल्या घेतल्या. एकाच पेटीतल्या, २०१४च्या हंगामाच्या. (पुण्याचं मोजमाप कोणी कसं करायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.) एकेक बाटली एकेका घरी ठेवायची आणि दहा वर्षांनी जेवायला बसून दोन्ही उघडायच्या, असं ठरलं.

गेल्या डिसेंबरात दहा वर्षं भरली. मित्र मात्र दोन वर्षांपूर्वीच गेले होते. तरी गृहस्थांनी वहिनींना फोन केला. "बाटली आहे का हो अजून?"

"आहे तर! फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्याखाली आडवी पडलीय. तिला हात लावायची आमची कोणाची छाती नव्हती."

फोन ठेवला आणि गृहस्थांच्या पोटात गोळा आला. एव्हाना त्यांनी थोडंफार वाचलं होतं. नाशिकच्या वेलींची एप्रिलात खरड छाटणी होते, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि द्राक्षं उतरतात जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे उन्हाच्या तोंडावर. अशा फळाची बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायची असते. सालीतला आणि बीमधला तुरट अंश भरपूर असेल, लाकडी पिंपात मुरवली असेल, तरच ती पुढे टिकते. शिवाय तिला हवा बारा-पंधरा अंशांचा गारवा आणि अंधार. बाटली आडवी हवी, म्हणजे बूच ओलं राहतं. यांची बाटली उभी, वरच्या खणात, स्वेटरमध्ये गुंडाळलेली. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे झेपावतो त्या गावात! वाइनला स्वेटर घालणारा माणूस जगात हा एकच असावा.

ठरल्या रात्री पाचजण जमले. गृहस्थ, त्यांची पत्नी, कारखान्यातलं आणखी एक जोडपं आणि वहिनी. बायकांनी मिळून गोळाभात केला होता. पातोडीचा झणझणीत रस्साही होता, पण तो झाकून ठेवला. जुन्या वाइनचा स्वाद नाजूक असतो, तिखटाखाली तो चिरडतो. म्हणून आधी नुसती चव, मग भात, आणि रस्सा शेवटी, असा क्रम लागला.

पहिल्यांदा कपाटातली बाटली. बूच अर्ध्यातच मोडलं. उरलेलं आत गेलं, तेव्हा वाइन चहाच्या गाळणीतून गाळली. रंग विटकरी-तपकिरी, वास शिजलेल्या मनुकांचा, आणि घोटाच्या शेवटी व्हिनेगरचा चरका. कोणी काही बोलेना. गृहस्थांची नजर ताटावरून हलेना. "भाऊ, स्वेटर तरी लोकरीचा होता ना?" वहिनींनी विचारलं, आणि मग मात्र सगळे हसले.

दुसरी बाटली तासभर आधीच फ्रीजबाहेर काढून ठेवली होती. फ्रीजमधला चार-पाच अंशांचा गारठा वाइनसाठी जरा जास्तच, पण तेवढ्याने ती बिघडत नाही, नुसती हळू मुरते. हिचं बूच सबंध निघालं. तळाशी गाळ होता. तो बाटलीतच राहावा म्हणून गृहस्थांनी मनगट न हलवता हळूहळू ओतली. रंग गडद डाळिंबी, फक्त कडेला विटकरी छटा. वासात ओली माती, सुकी जांभळं, थोडी दालचिनी. तुरटपणा इतका मऊ झालेला की जिभेला नुसता स्पर्श जाणवावा. तीच वाइन, त्याच पेटीतली! दोन्ही पेले शेजारी ठेवून सगळे आळीपाळीने हुंगत राहिले. गोळाभात आला तेव्हा त्यावरच्या कढत तेलाशी ही वाइन अशी जुळली, की रश्श्याची आठवण कोणाला राहिली नाही.

गृहस्थांनी सवयीने सहा पेले भरले होते. साडेसातशे मिलिलिटरचे सहा भाग, प्रत्येकी सव्वाशे. सहावा तसाच भरलेला राहिला. तो परत बाटलीत ओतावा की काय करावं, हे कोणाला कळेना. वहिनींनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता. या रात्रीही त्यांनी स्वतःचा पेला नुसता हुंगून पत्नीच्या हाती दिला होता. त्यांनी तो सहावा पेला आपल्याकडे ओढला, एक छोटा घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"कारल्यासारखी लागते की हो," त्या म्हणाल्या आणि दुसरा घोट घेतला.