वऱ्हाडातून परदेशी : ज्येष्ठांच्या व्हीलचेअरची तजवीज

अमरावती-अकोल्याच्या व्यापारी घरांतील मुले-नातवंडे आता परदेशी स्थिरावू लागली आहेत. कापूस, डाळ, किराणा यांच्या पेढ्या सांभाळण्यात ज्यांची हयात गेली, ते आई-वडील सत्तरीनंतर न्यू जर्सी, लेस्टर किंवा दुबईच्या वाटेला लागतात. तिकीट मुले पाठवतात, व्हिसाचे काम एजंट पाहतो. एक प्रश्न मात्र घरात कोणी मोठ्याने विचारीत नाही : विमानतळावरचे ते लांबलचक अंतर ही मंडळी चालणार कशी?

वऱ्हाडच्या प्रवाशाची दमछाक विमानतळाच्या पुष्कळ आधी सुरू होते. बडनेऱ्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ६६० किलोमीटर, अकोल्याहून ५८० च्या आसपास. रात्रभर गाडीत काढून सकाळी दादरला उतरायचे आणि तेथून टर्मिनल गाठायचे. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, त्यामुळे अमरावतीकरांची मोठी सोय झाली. अकोल्याच्या शिवणी धावपट्टीला ते भाग्य अद्याप लाभायचे आहे. म्हणून अकोलेकरांनी मुंबईत एक दिवस मुक्काम करून विश्रांती घ्यावी आणि मगच पुढचे विमान धरावे. हा खर्च वायफळ नव्हे.

व्हीलचेअरचे नाव काढले की ज्येष्ठांचे पहिले उत्तर ठरलेले असते : “मी काय अपंग झालो?” या संकोचाला आपल्याच परंपरेत उत्तर आहे. सम्मेद शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना कित्येक वृद्ध श्रावक-श्राविका डोलीत बसून करतात. त्यांच्या वंदनेला कोणी उणे लेखत नाही. शरीराची मर्यादा ओळखून साधन घेणे हा विवेक आहे. डोलीत जी लाज वाटत नाही, ती चाकाच्या खुर्चीत का वाटावी?

हा संकोच किती महाग पडू शकतो, हे १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत दिसले. न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने आलेल्या वृद्ध दांपत्याला उतरताना एकच व्हीलचेअर मिळाली. पत्नी तिच्यात बसली आणि ८० वर्षांचे पती सोबत चालू लागले. इमिग्रेशनपाशी ते कोसळले आणि पुढे त्यांचे निधन झाले. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबण्यास त्यांना सांगितले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. तरीही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. दंड झाला, पण गेलेला माणूस परत आला नाही. आपल्यापुरता धडा स्पष्ट आहे : दोघांची गरज असेल तर दोघांसाठी स्वतंत्र नोंद करावी आणि खुर्ची येईपर्यंत कितीही वेळ गेला तरी जागचे हलू नये.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळू. ज्याला खरोखर गरज आहे, त्याला ही सेवा विनामूल्य मिळते. मागणी तिकीट काढतानाच करावी, निदान प्रस्थानाच्या ४८ तास आधी तरी ती विमान कंपनीकडे पोचलेली असावी. बँकेतल्या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली : तोंडी सूचनेला व्हाउचरचे मोल नसते. फोनवर “झाले” असे ऐकून समाधान मानू नये. तिकिटावर किंवा ईमेलवर नोंद उमटलेली डोळ्यांनी पाहावी. बेलोरा-मुंबई आणि मुंबई-परदेश अशी दोन वेगळी तिकिटे असतील, तर एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. खाती दोन, म्हणून नोंदीही दोन.

मागणीचे तीन प्रकार आहेत. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचआर. पायऱ्या जमत नाहीत पण विमानात आसनापर्यंत चालता येते, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचएस. आसनापर्यंतही नेऊन बसवावे लागते, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचसी. हा भेद वऱ्हाडच्या प्रवाशाने विशेष ध्यानात ठेवावा. मुंबईत मोठ्या विमानाला बहुधा पूल जोडलेला असतो, पण बेलोऱ्याच्या छोट्या एटीआर विमानात पायऱ्या चढूनच जावे लागते. गुडघे दुखत असतील, तर पहिला प्रकार मागून भागणार नाही. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा ऑक्सिजन लागत असेल, तर कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा. स्वतःची विजेवर चालणारी खुर्ची न्यायची असल्यास बॅटरीचा प्रकार व क्षमता आधी कळवावी.

परदेशातील पद्धत सर्वत्र सारखी नाही. भारतात आणि अमेरिकेत ही जबाबदारी विमान कंपनीची असते, युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार ती तेथे विमानतळ व्यवस्थापनाकडे आहे. मागणी मात्र सगळीकडे विमान कंपनीमार्फतच नोंदवावी. विमान उतरल्यावर व्हीलचेअरच्या प्रवाशांना बहुधा शेवटी नेतात. म्हणून मधले विमान बदलायचे असेल, तर दोन विमानांत निदान तीन तास ठेवावेत. पासपोर्ट, औषधे आणि मुलांचा पत्ता-फोन लिहिलेला कागद स्वतःच्या गळ्यातील पिशवीत असावा, मदतनिसाच्या हाती देऊ नये. याच वेळी जैन भोजनाचीही नोंद करावी. त्याचा संकेत व्हीजेएमएल. हिंदू भोजन किंवा नुसते शाकाहारी भोजन मागितल्यास कांदा-लसूण वा कंदमुळे येऊ शकतात.

शेवटी एक अप्रिय गोष्ट. धडधाकट असूनही रांग टाळण्यासाठी व्हीलचेअर मागणारे लोक आहेत आणि आपल्या समाजात ते नाहीतच, असे म्हणता येणार नाही. कित्येकांची अडचण खरी असते, पण ती पायांची नसते. इंग्रजी येत नाही, फलक वाचता येत नाहीत, चुकण्याची भीती वाटते. अशांसाठी अनेक कंपन्यांकडे ‘मीट अँड असिस्ट’ ही निराळी सोय असते. काही ठिकाणी तिला शुल्क पडते, तरी तीच मागावी. खुर्च्या आणि ती ढकलणारी माणसे मोजकीच असतात. गरज नसताना अडवलेली खुर्ची ही दुसऱ्या कोणा थकलेल्या वृद्धाची असते. जे आपले नाही ते न घेणे, हे अचौर्यव्रत तिजोरीपुरते मर्यादित नाही.

ज्यांना गरज आहे त्यांनी निःसंकोच मागावी, ज्यांना नाही त्यांनी सोडावी. आणि मुलांनो, ही नोंद तुम्ही तिकीट काढतानाच करून टाका. आई-बाबा स्वतः होऊन ती कधीच मागणार नाहीत.