गाव : परळ

परळ, मुंबई
पौष शुद्ध दशमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. शाळेत 'माझे गाव' हा निबंध लिहावयास सांगितला असता वर्गातील मुलांनी चिपळूण, मालवण, सातारा अशी नावे घातली आणि तुझ्या चिरंजिवाने मात्र कोरा कागद गुरुजींपुढे ठेवला, हे वाचून मला रात्रभर झोप आली नाही. कारण कोकणातील घराजमिनीशी आपला संबंध तीन पिढ्यांपूर्वीच तुटला असला, तरी ज्यास गाव म्हणावे असे सर्व काही ह्या परळास होते, आणि त्यांतील पुष्कळसे अद्यापि आहे.

मुंबईची म्हणून जी सात बेटे गणली जातात त्यांपैकी एक परळचे. पूर्वेस शिवडीचा चिखलाचा किनारा आणि पश्चिमेस वरळीपर्यंत पसरलेले खाजण, ज्यावर महालक्ष्मीजवळच्या खिंडारातून भरतीचे पाणी चढत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबीच्या बांधाने ते खिंडार बुजले, उघडी पडलेली खारवट जमीन अल्प साऱ्याने भातशेतीस दिली गेली, आणि पुढील शतकात त्याच सखल भागावर गिरण्यांची धुराडी उभी राहिली. नावाविषयी दोन मते आहेत: कोणी ते परळी वैजनाथाशी जोडतात, कोणी पाडळीच्या झाडाशी, ज्यास संस्कृतात पाटला म्हणतात. मला दुसरे मत ग्राह्य वाटते, कारण शेजारच्या वडाळ्याने आणि चिंचपोकळीनेही आपापल्या झाडांचीच नावे धारण केली आहेत.

परंतु मुलाला सांगावयाची मुख्य गोष्ट निराळीच आहे. १९३१ साली परळहून शिवडीकडे जाणारा रस्ता बांधीत असताना मजुरांना जमिनीत सुमारे साडेअकरा फूट उंचीची एक अखंड शिळा लागली. तीत मध्यभागी शिव उभा आहे. त्याच्या मस्तकामागून दुसरा उदय पावतो, त्याच्याही वर तिसरा. आणि ह्या उभ्या ओळीच्या दोन्ही अंगांनी आणखी चौघे असे बाहेर झेपावतात की, दगड वाढतच चालला आहे असा भास व्हावा. पायाशी गण वाद्ये वाजवीत बसले आहेत. जाणकार तिचा काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक मानतात. घारापुरी पाहावयास लोक होडीत बसून समुद्र ओलांडतात. तितक्याच योग्यतेची ही मूर्ती बारादेवीच्या देवळात, चाळींच्या आणि इस्पितळांच्या गर्दीत उभी आहे, आणि तिच्यासमोर मी जितक्या वेळा उभा राहिलो, तितक्या वेळा मला शब्द सुचला नाही. शिलाहार राजा अपरादित्याचा बाराव्या शतकातील एक शिलालेखही ह्याच गावी सापडला. त्याच्या अखेरीस, दान मोडणाऱ्यास दिलेला शाप त्या काळच्या मराठीत कोरला आहे. तेव्हा आपली भाषाही ह्या मातीत आठशे वर्षांची आहे, असे मुलाला खुशाल सांग.

येथील जेसुइट पाद्र्यांचा मठ इंग्रजांनी सरकारजमा करून गव्हर्नरांचा वाडा केला, ही हकीकत तू जाणतोसच. ज्या हाफकिन साहेबांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या देहात टोचून घेतली, त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली त्याच वाड्यात आली, आणि १९२५ पासून ती संस्था त्यांचेच नाव वागवीत आहे.

गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. तरी गल्लीतील वृद्ध अजून 'गावात जाऊन येतो' असे म्हणून बारादेवीकडे निघतात.

येत्या महाशिवरात्रीस मुलाला घेऊन ये. आपण तिघे पहाटेच त्या सात शिवांचे दर्शन घेऊ, आणि मग घरी बसून त्याच्याकडून तो निबंध लिहवून घेऊ. कागदाच्या माथ्यावर 'गाव : परळ' एवढे मात्र त्याच्याकडून आजच लिहवून घे.

तुझा
काका