हिशेबाबाहेरचा दिवस

सहलीच्या छापील कार्यक्रमात सगळ्यांत दुबळा दिवस पहिला. दुसऱ्या दिवसापासून आमेर, जंतरमंतर, हवामहल, नाहरगड अशी नावं दाटीवाटीनं उभी असतात. पहिल्या दिवसापुढे मात्र ‘आगमन व विश्रांती’ एवढंच. हा पोरकेपणा एकट्या जयपूरच्या वाट्याला आलेला नाही. वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुशिया बेटावर जगभरातून जोडपी जातात. तिथला मोठा विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आणि बरीचशी हॉटेलं उत्तरेला, त्यामुळे उतरल्यावर डोंगरातली वळणं घेत दीडेक तास गाडीत बसावं लागतं. समुद्राचे फोटो ढीगभर निघतात, त्या दीड तासाचा एकही निघत नाही. जाण्यायेण्याचा दिवस म्हणजे भरावी लागणारी पट्टी, अशी सगळ्यांची समजूत. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. दोघांच्या सहलीत त्या दोघांसाठी महत्त्वाचा दिवस असेल, तर तो हाच. कारण घरात कधीच्या होऊन बसलेल्या वाटण्या या एका दिवशी सैल होतात.

घर चालतं ते वाटण्यांवर. किल्ली कुणाकडे, पैसे कुणाच्या खिशात, अनोळखी माणसाशी कोण बोलणार, भूक लागली हे आधी कुणाच्या लक्षात येणार, हे सारं लग्नानंतर थोड्याच काळात ठरून जातं. ते कुणी ठरवलं, हे मात्र दोघांनाही सांगता येत नाही. परक्या गावच्या फलाटावर उतरल्यावर यातलं बरंचसं निकामी होतं. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघालेली जयपूर सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूरला पोहोचते. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यांचा गराडा, डोक्यावर ऊन, आणि हिंदी आपली असली तरी तिच्यातला ढंग आपला नाही. घरी व्यवहार पाहणारा इथे गांगरतो, आणि घरी चार माणसांत न बोलणारी भाडं निम्म्यावर आणते. कोणाला काय जमतं, याचा वर्षानुवर्षं न तपासलेला अंदाज अर्ध्या तासात चुकीचा ठरू शकतो.

अशा दिवसाला बनी पार्कसारखी जागा मानवते. जुन्या तटबंदीच्या पश्चिमेला, स्टेशन आणि सिंधी कॅम्पचा बसतळ यांच्या जवळ वसलेला हा भाग पाहण्याच्या ठिकाणांच्या यादीत नसतो. इथे बंगल्यांच्या शांत गल्ल्या आहेत, कडुनिंबाच्या सावल्या आहेत, आणि झरोके-छत्र्यांनी नटलेली, जुन्या हवेल्यांचा तोंडवळा घेतलेली मध्यम आकाराची हॉटेलं आहेत. रस्त्यांना कबीर, तुलसी, बिहारी अशी कवींची नावं आहेत. हाकेच्या अंतरावर स्टेशन रोडवर रावत मिष्टान्न भांडार, जिथे कांद्याच्या कचोरीसाठी गावकरी आणि प्रवासी एकाच गर्दीत उभे असतात. सिंधी कॅम्पहून मेट्रोचं पुढचंच स्थानक चांदपोल, म्हणजे जुन्या शहराचं पश्चिमेकडचं दार. त्याच गाडीनं पुढे बडी चौपड गाठली की हवामहल चालत जाण्याच्या अंतरावर. शहर इतकं जवळ आहे की धावण्याचं कारण उरत नाही, आणि या गल्ल्यांत ‘हे पाहा, ते पाहा’ असा हुकूम सोडणारं काही नाही. कुठे बसायचं, काय खायचं, किती चालायचं हे दोघांनाच ठरवावं लागतं. प्रेक्षणीय स्थळी ते आधीच ठरलेलं असतं. माणसं फक्त रांगेतून पुढे सरकतात.

वाटण्या किती घट्ट होऊ शकतात, याचा पुरावा जयपूरच्या प्रसिद्ध इमारतीच देतात. जोडपी ज्या महालांसमोर खांद्याला खांदा लावून उभी राहतात, त्यांचे नकाशे वेगळेपणाचे आहेत. आमेरला राजा मानसिंहाच्या महालात चौकाभोवती राण्यांची स्वतंत्र दालनं आहेत. १७९९ साली सवाई प्रतापसिंहानं बांधवलेल्या हवामहलाच्या नऊशे त्रेपन्न खिडक्यांमागून राजस्त्रियांनी रस्ता पाहायचा, पण रस्त्यानं त्यांना पाहायचं नाही. नाहरगडावर सवाई माधोसिंह दुसऱ्यानं नऊ राण्यांसाठी नऊ सारखी दालनं बांधली आणि ती बोळांनी जोडली. कामाची आणि जागेची वाटणी दगडाचुन्यात घट्ट झाली की ती अशी दिसते. याच माधोसिंहानं १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाला जाताना अख्खी बोट ठरवली आणि चांदीच्या प्रचंड घागरींमधून गंगाजल सोबत नेलं. प्रत्येक घागरीचं वजन तीनशे पंचेचाळीस किलो. सिटी पॅलेसमध्ये त्या आजही ठेवलेल्या आहेत. त्याच्या श्रद्धेला हसण्याचं कारण नाही. पण समुद्र ओलांडताना घराची घडी कणभरही विस्कटू नये, यासाठी माणूस किती वजन वाहू शकतो, याचं इतकं वजनदार उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणींत पुण्याचं घर आणि बाहेरगावचा मुक्काम यांत स्पष्ट फरक दिसतो. पुण्यात घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेचं शिकणं खपत नव्हतं. पुस्तक हातात घेणंसुद्धा बोलणी ओढवून घेणारं होतं. पती न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या फिरतीवर मात्र शिकणं आणि शिकवणं मोकळेपणानं चाले. १८८६ साली सरकारी समितीच्या कामासाठी दोघं कलकत्त्याला राहिली, तेव्हा माधवराव बंगाली शिकू लागले, हजामत करता करता न्हाव्यालाच शब्द विचारू लागले, आणि मग ती भाषा त्यांनी रमाबाईंनाही शिकवली. न्यायमूर्ती न्हाव्याचा विद्यार्थी आणि बायको नवऱ्याची सहाध्यायी, ही मांडणी पुण्याच्या वाड्यात जमली असती का? गाव परकं होतं, म्हणून मोठेपणाच्या पायऱ्या तात्पुरत्या पुसल्या गेल्या. आणि त्या काळात पाहिलेल्या स्थळांपेक्षा हेच वाचकाच्या लक्षात राहतं.

वाटेला मान देण्याची जाण तर त्याहून जुनी आहे, आणि वारीत ती आजही दिसते. आषाढी एकादशीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांबरोबर महापूजेला उभं राहण्याचा मान दर्शनाच्या रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला मिळतो. त्यांची निवड संपत्तीवर किंवा विद्वत्तेवर होत नाही. तासन् तास रांगेत जोडीनं उभं राहणं हीच त्यांची पात्रता. शिवाय त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास दिला जातो, म्हणजे चालून आल्याबद्दल बक्षीस म्हणून पुन्हा प्रवासच. आपल्या लोकांनी वाट कधी वजा केली नव्हती. तिला वजा करायला शिकवलं ते ‘चार रात्री, पाच दिवस’ या हिशेबानं.

यावर पहिला आक्षेप पैशाचा आणि रजेचा. मोजून चार दिवस मिळतात, खोलीचं भाडं रोज चढतं, मग त्यातला एक दिवस गल्लीतून भटकण्यात घालवणं ही भरल्या पोटाची चैन नव्हे का? आक्षेपात तथ्य आहे, पण हिशेब अपुरा आहे. रात्रभराच्या प्रवासानंतर दुपारी उतरलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी दोन किल्ले दाखवले, तर स्थळं यादीतून खोडली जातात, पाहिली जात नाहीत. जंतरमंतरचं सत्तावीस मीटर उंचीचं सम्राट यंत्र सावलीवरून वेळ दाखवतं. ती सावली सरकताना पाहायला उसंत लागते, आणि उसंत थकलेल्या डोळ्यांना नसते. शिवाय गल्लीतली संध्याकाळ किल्ल्यापेक्षा स्वस्त पडते. चैन म्हणायचीच, तर ती न पाहता पाहिल्याचं समाधान विकत घेण्याला म्हणावी.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. प्रवासात वाटण्या मोडतात कुठे, उलट त्या आणखी घट्ट होतात! दशम्या आणि चटणी तिनं बांधायची, औषधं तिनं लक्षात ठेवायची, आणि तिकिटं दाखवत पुढे तो. भांडणं होतात तीही याच दिवशी: सामान जास्त का, रस्ता विचारला का नाही, हॉटेल कुणी निवडलं. हे खरंच आहे. पण असं बहुधा घाई असते तिथे घडतं. गाडी गाठायची असली, पाचच्या आत तिकीट खिडकी गाठायची असली, की माणूस सवयीच्या आसऱ्याला जातो, आणि सवय म्हणजे जुनी वाटणी. म्हणूनच हा दिवस रिकामा ठेवायचा. कचोरीच्या गर्दीत दोघांपैकी कोणीही शिरलं तरी चालतं. रस्ता चुकला तरी तुलसी मार्गाऐवजी कबीर मार्ग लागतो, एवढंच. चूक स्वस्त असते तेव्हा ती करण्याची मुभा दोघांनाही मिळते. भांडणाचं म्हणाल, तर घरी जी गोष्ट कुरकुरीवर भागते तिच्यावर इथे बोलावं लागतं. त्यातून दर वेळी गोडवा निघेल असं नाही. पण न बोललेल्या वाटणीपेक्षा बोललेली वाटणी न्याय्य होण्याची शक्यता जास्त.

माझ्या म्हणण्याला एक मर्यादा आहे, आणि ती दाखवायला बनी पार्कातल्या बिहारी मार्गाचं नावच पुरेसं आहे. ‘सतसई’कार बिहारी हा मिर्झाराजे जयसिंहांच्या पदरी होता, तेच जयसिंह, ज्यांच्याशी शिवाजी महाराजांनी १६६५ साली पुरंदरचा तह केला. आख्यायिका अशी की नव्या, अल्पवयीन राणीच्या नादात राजा कारभार विसरला, तेव्हा बिहारीनं एक दोहा आत पाठवला आणि राजा भानावर येऊन बाहेर आला. दोघांनी जगाकडे पाठ फिरवून एकमेकांत बुडणं म्हणजे सहजीवन नव्हे, हे त्या कवीला दरबारात राहून कळलं होतं. म्हणून खोलीचं दार लावून घेतलेला दिवसही माझ्या हिशेबात बसत नाही. दोघांनी मिळून तिसऱ्याशी, म्हणजे रिक्षावाल्याशी, उन्हाशी, अनोळखी रस्त्याशी सामना करायचा असतो. एकमेकांची ओळख त्या सामन्यात होते, एकमेकांकडे टक लावून नव्हे.

तेव्हा कार्यक्रम आखताना पहिल्या दिवसासमोर स्थळं कोंबू नयेत आणि ‘विश्रांती’ लिहून तो निकालातही काढू नये. त्या दिवसाचा कारभार उलटा करून पाहावा: घरी पैसे न सांभाळणाऱ्यानं ते सांभाळावेत, घरी वाट न विचारणारीनं विचारावी, जेवण कुणी ठरवायचं याची पाळी बदलावी. महाल दुसऱ्या दिवशी पाहावेत. आदल्या दिवसाच्या अनुभवानं नऊ दालनांचा नकाशा अधिक नीट वाचता येईल. सहल किती लांबची झाली हे किलोमीटरवरून ठरवण्यापेक्षा, परतल्यावर स्वयंपाकघरातली किंवा पाकिटातली एखादी वाटणी बदलली का, यावरून ठरवावं. बदलली असेल, तर बनी पार्कातली एक दुपारही पुष्कळ लांब झाली. नसेल, तर जयपूर असो की सेंट लुशिया, दोघं उंबऱ्याबाहेर पडलीच नाहीत.