डोंगराची किंमत

आमच्या कुळागराच्या माथ्यावर एक भरड आहे. अंत्रूज महालात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे चित्र उभे करून दाखवावयास नको: वर काजूची आणि रानझाडांची डोंगरपट्टी, पायथ्याशी झर, आणि झरीचे पाणी पाटातून माड-पोफळींच्या मुळाशी. भरडीचे उत्पन्न म्हणावे असे काही नाही. काजूचे चार पैसे, थोडे सरपण. परंतु पावसाळ्यात ती जे पाणी पिते तेच वैशाखापर्यंत झरीतून थोडे थोडे परत देते, हे आमच्या आजोबांना कोणा शास्त्रज्ञाने सांगावे लागले नव्हते.

या भरडीला गिऱ्हाईक आले. तुकडे पाडून घरे बांधावयाची त्याची योजना. धाकट्या भावाने सही करून कागद माझ्याकडे पाठविला. त्याच्या दोन्ही मुलांची शिक्षणे चालू आहेत. त्याला लोभी म्हणण्याचा मला अधिकार नाही. आठवड्यातून एकदा त्याचा फोन येई, "दादा, तूं सय केन्ना करतलो?" मी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो आणि तो कागद तसाच बॅगेत घालून मे २०२४ मध्ये मुलीकडे, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, राहावयास गेलो.

तिचे गाव लहान आहे. वसंतात तेथे गावसभा भरते. शाळेच्या क्रीडागृहात खुर्च्या मांडून सारे मतदार बसतात आणि गावचा वर्षाचा खर्च स्वतः मंजूर करतात. मुलीने मला हौसेने नेले. मतदानाचा हक्क नसलेल्यांना बाजूस निराळ्या खुर्च्या होत्या; तेथे मी आणि एक वार्ताहर असे दोघेच. दिव्यांच्या, रस्त्यांच्या खर्चात माझे लक्ष नव्हते, हे कबूल करतो. मग एक ठराव वाचला गेला आणि मी सावरून बसलो. गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे कुरण व त्यामागचे रान विकावयाचे होते. घरे बांधणारा गिऱ्हाईक दारात होता. गावातीलच एक भूविश्वस्त संस्था ती जमीन विकत घेऊ पाहत होती. वर्गणीतून बरीच रक्कम जमली होती, उरलेली गावाने अनुदान म्हणून द्यावी, अशी तिची विनंती होती.

गावाजवळ पैसा कुठून, हे मुलीने मला नंतर समजावले. २००० साली त्या राज्याने एक कायदा केला. ज्या गावाची इच्छा असेल त्याने मतदान घेऊन घरपट्टीवर तीन टक्क्यांपर्यंत अधिभार स्वतःवर बसवून घ्यावा. दस्तनोंदणीच्या शुल्कातून जमलेल्या निधीतून राज्य त्यात आपली भर घालते. या पैशाचा निदान दहावा हिस्सा मोकळ्या जमिनीसाठी, तितकाच जुन्या वास्तूंसाठी, तितकाच परवडणाऱ्या घरांसाठी राखावा लागतो. राज्यातील ३५१ गावा-शहरांपैकी निम्म्याहून अधिकांनी हा कर आपण होऊन पत्करला आहे. कर आपण होऊन पत्करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. अनुदान देताना गाव दानशूर होत नाही, व्यवहार करते: मालकी संस्थेची, परंतु येथे कधी बांधकाम होणार नाही हे बंधन कायमचे नोंदले जाते आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्याचा हक्क गावाचा. ते सोडवावयाचे तर जाहीर सुनावणी लागते, राज्याची संमती लागते.

सभेत सारे गोडीगुलाबीने झाले नाही. एक वृद्ध बाई उठून म्हणाल्या, शाळेचे छप्पर गळते आहे आणि तुम्ही झाडे विकत घेता? एका तरुणाने विचारले, या गावात आमच्यासारख्यांना घर मिळत नाही, ते कुरणे राखल्याने मिळणार आहे काय? त्याचे म्हणणे मला अजून टोचते. ज्यांची घरे झाली आहेत त्यांनाच मोकळ्या माळाचे सौंदर्य लौकर दिसते, ही गोष्ट तिथेही खरी आहे. अखेर हातांतील रंगीत कार्डे वर झाली आणि ठराव मंजूर झाला. म्हातारा शेतकरी मागील रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. कोणी त्याचे आभार मानले नाहीत. त्याला त्याची किंमत मिळाली होती. आभारांचा प्रश्नच नव्हता.

ही कल्पना त्या राज्यात जुनीच आहे. चार्ल्स एलियट नावाच्या उद्यानरचनाकाराने १८९० साली लिहिले, की ग्रंथालय जशी पुस्तके सांभाळते, कलादालन जशी चित्रे, तशी निसर्गस्थळे सांभाळणारी विश्वस्त संस्था असावी. १८९१ मध्ये ती निघालीही, आणि इंग्लंडातील १८९५ च्या नॅशनल ट्रस्टने तिचाच कित्ता गिरविला. एलियट सदतिसाव्या वर्षी वारला.

परतताना विमानात मला आमची देवाची राय आठवत राहिली. तेथील फांदी कोणी तोडीत नसे, कारण ती देवाची. पैसा लागत नव्हता. भय पुरत होते. भय ओसरले, आणि त्या जागी आम्ही दोनच गोष्टी ठेवल्या: मालकाने संत व्हावे हा उपदेश, नाहीतर बंदीचा हुकूम. २००२ च्या जैवविविधता कायद्याने पंचायतीपाशी समिती दिली, एखाद्या स्थळाला वारसास्थळ ठरविण्याची वाट दिली. पण माझ्या भावाच्या मुलांची फी त्या वाटेवर कुठे भेटत नाही. झरीचे पाणी खालच्या सात घरांच्या कुळागरांना जाते. त्या सात घरांनी भरडीचा मोबदला म्हणून आम्हांला कधी काही दिले नाही आणि आम्ही कधी मागितले नाही.

घरी आल्यावर हे सारे मी भावाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आमची पंचायत पयशे दितली?"

मी म्हटले, विचारून पाहू; निदान त्या सात घरांना तरी विचारू. तो हसला, चिडला मात्र नाही. येत्या रविवारी झरीतला पाला काढावयास तो येणार आहे. खालच्या घरांतूनही दोघे-तिघे येतो म्हणाले आहेत. कागद अजून माझ्या बॅगेतच आहे.